एका ओळीपुरतं खोटं

ऋषीला मारलं त्या दिवशी सकाळी राजनंदिनी खडकीच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गावर कवितेतली पुनरावृत्ती शिकवत होती. तास शेवटचा होता आणि पोरं जांभया देत होती. एकच ओळ कवितेत परत परत का येते, असं तिने विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "कवीला पुढचं सुचत नसेल, मॅडम."

वर्ग हसला. तीही हसली. "तसंही असतं कधीकधी," ती म्हणाली. "पण चांगल्या कवितेत ओळ तीच राहते आणि तिच्या शेजारचं बदलत जातं. परत आलेल्या ओळीकडे नुसतं बघत बसू नका. शेजारी काय आलंय ते बघा."

घंटा झाली. घरी येऊन तिने दोन घास खाल्ले आणि भावाच्या, ऋषीच्या, स्कूटरवर मागे बसली. तुळजाबाईंचं, म्हणजे दोघांच्या आईचं, येरवड्याच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला आणायला दोघं निघाली होती. ऋषीने हेल्मेट डोक्यात न घालता हातात अडकवलं होतं. "हायवेला लागल्यावर घालतो," तो म्हणाला. ही त्याची नेहमीची सवय.

गाव महापालिकेत जाऊन काही वर्षं झाली होती. पूर्वी जिथे ज्वारी, तिथे आता पत्रे. एका मोकळ्या जमिनीच्या तुकड्याला असेच निळे पत्रे ठोकलेले होते, आणि त्या पत्र्यांवरूनच घरात दोन वर्षं धुसफूस चालली होती. जमीन आजोबांची. वडील दत्तोबा आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांच्या नावाची, कधी वाटप न झालेली. थोरला भाऊ वारला. त्याच्या मुलाने, रणजितने, बिल्डरशी बोलणी केली आणि सगळ्याच जमिनीवर सही ठोकली. ऋषीने कोर्टात केस घालून मनाई आणली. बिल्डरचं मशीन आलं तसं परत गेलं. रणजितने त्याच्याकडून आधीच उचल घेतली होती, असं गावात बोललं जायचं.

त्याच पत्र्यांच्या कोपऱ्यावर रणजित उभा होता. त्याच्यामागे मोटारसायकलवर एक जण, तोंडाला रुमाल बांधलेला. ऋषीने स्कूटर थांबवली. थांबवायला नको होती, असं पुढे कितीतरी लोक म्हणाले. पण समोर चुलत भाऊ उभा असताना कोण स्कूटर दामटतं?

"ताई, तू उतर. बाजूला हो," रणजित म्हणाला.

राजनंदिनी उतरली. दर भाऊबिजेला ती या रणजितला ओवाळायची. ताटात तो नोट टाकायचा आणि उगाच केस विंचरल्यासारखे करायचा. त्या केसांकडेच ती बघत होती, म्हणून पाठीमागचा हात पुढे येईपर्यंत तिला कोयता दिसला नाही.

"केस काढतो का?" रणजितने विचारलं आणि कोयता वर नेला.

ऋषी हसला. हाच कोयता रणजितने वाढदिवसाला केक कापायला वापरला होता. सगळ्या गावाने तो व्हिडिओ पाहिला होता. "अरे, ठेव ते," ऋषी म्हणाला, "कोणाला दाखवतोस?"

"काढतो का?"

दुसऱ्यांदा कोयता आला तो हेल्मेटवर. ऋषीने ते पुढे धरलं होतं. हेल्मेट हातातून सुटलं आणि उतारावर गडगडत गेलं. आता त्याचा चेहरा बदलला. तो स्कूटरच्या पलीकडे उडी मारून गेला आणि कोयता सीटमध्ये रुतला. रणजितने तो पाय लावून उपटला. "काढतो का केस?" राजनंदिनी मध्ये शिरली. तिने हात वर केला तो अडवायला की मारायला, हे तिलाही सांगता आलं नसतं. मनगटाच्या वर थंडगार काहीतरी लागलं. बघते तर आत पांढरं दिसत होतं. ऋषी पळायला वळला, त्याची चप्पल निसटली आणि तो पडला. एक वार डांबरावर बसला आणि ठिणगी उडाली. दुपारच्या उन्हातही ती दिसली.

"काढतो का? काढतो का?"

प्रश्न होता, पण उत्तराला त्यात जागाच नव्हती. एका प्रश्नाची शेपूट दुसऱ्याला चिकटलेली होती आणि प्रत्येक 'का'वर हात खाली येत होता. एक मानेवर, एक डोक्यावर. मग राजनंदिनीच्या डोळ्यांसमोर काळं आलं आणि ती रस्त्यावर कोसळली. पंक्चरवाल्याने शटर ओढल्याचा आवाज तेवढा तिला आला.

भाजीच्या टेंपोतून दोघांना दवाखान्यात नेलं. ऋषी वाटेतच गेला. त्याच संध्याकाळी तुळजाबाईंना शेजाऱ्यांनी घरी आणलं. उजव्या डोळ्याला हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद.

रणजितला दुसऱ्या दिवशी शिरूरच्या रस्त्याला पकडलं आणि येरवड्याच्या तुरुंगात टाकलं. रुमालवाला आठवड्याने सापडला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुष परतले आणि बायका भेटायला यायला लागल्या. गावाकडची पद्धत होती, उंबऱ्यातूनच हेल काढत यायचं. एकीने गळ्यात पडायचं, दुसरीने सूर धरायचा. राजनंदिनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला:

"कुटं गेला रं माज्या ऋषीराजा, कुटं गेला रं..."

मथुराबाई. रणजितची आई. पदर खाली पडलेला, केस सुटलेले, दोन्ही हातांनी ऊर बडवत ती सरळ तुळजाबाईंकडे निघाली. "तुला म्या न्हाऊ घातलं रं राजा, कुटं गेला रं. तुला म्या वाळं केलं रं राजा, कुटं गेला रं."

बायका बाजूला सरकल्या. ती खोटं रडत नव्हती. राजनंदिनीला ते दिसत होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. पायाशी पाण्याचा तांब्या होता. तिने डाव्या हाताने तो उचलला, उठली आणि मथुराबाईच्या कपाळावर मारला.

"का आली?"

मथुराबाई खाली बसली. राजनंदिनीने परत मारला. "का आली? का आली? का आली?" पाणी उडालं, मग रक्त उडालं, भुवईवरची कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. मथुराबाईने हात वर केला नाही. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती आणि दर वेळी तांब्या मध्ये येत होता. चार बायकांनी मिळून राजनंदिनीला मागे ओढलं, तेव्हाही तिचा हात हवेत त्याच ठेक्यात वर-खाली होत होता.

तो ठेका तिला ओळखीचा वाटला. तिने तांब्या टाकून दिला, मोरीत गेली आणि ओकली.

मथुराबाईने पोलिसांत तक्रार दिली नाही. कपाळाला टाके घालून ती घरी गेली. दोन घरांमध्ये नुसती एक भिंत होती. त्या भिंतीपलीकडून रात्रंदिवस आवाज यायचा तो दळण-पाखडण्याचा. रडण्याचा आवाज नंतर कधी आला नाही.

दहावा झाला आणि धोंडिबा आले. धोंडिबा म्हणजे तुळजाबाईंचे थोरले भाऊ. चार गावांतले तंटे मिटवणारे. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप उपडा ठेवला आणि दत्तोबांना म्हणाले, "पाव्हणं, एक गेला. दुसरा जन्मभर जेलात. वंश दोन्ही बाजूंनी बुडाला म्हणायचा. जमीन तुमच्या नावावर करून देत्यात. पोरीनं एवढंच म्हणायचं, गर्दीत दिसलं न्हाई."

"गर्दी नव्हती, मामा," राजनंदिनी म्हणाली.

"म्हंजी?"

"रस्त्यावर कोणी नव्हतं. सगळ्यांनी शटरं ओढली होती."

दत्तोबा पंच्याने तोंड पुसत राहिले. धोंडिबा गेल्यावर ते एकदम उठले आणि त्यांनी राजनंदिनीच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "ते तुलापन मारतील," ते म्हणाले. "मग म्या काय करू? दोन फोटो लावू भित्तीला?"

तुळजाबाई कोपऱ्यात पडून होत्या. त्या उठून बसल्या. "माज्या डोळ्याला पट्टी व्हती," त्या म्हणाल्या. "म्या काय बगितलं न्हाई. हिनं बगितलं. आता तिचं तिला बगू द्या." एवढंच बोलून त्या परत भिंतीकडे तोंड करून पडल्या.

पोलिसांत जबाब झाला, मॅजिस्ट्रेटपुढे झाला. राजनंदिनी कॉलेजात जायला लागली. प्लास्टर निघालं तरी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नव्हतं. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा.

एक दिवस संध्याकाळी खडकी स्टेशनकडे जाताना, कारखान्याच्या भिंतीच्या कडेला, तिघांनी तिला गाठलं. विशी-बाविशीची पोरं. एकाने केस धरले, एकाने मोबाईल काढून समोर धरला. तिसरा अगदी समजावणीच्या सुरात बोलला.

"मॅडम, एकच वाक्य बोलायचंय. मी काही बघितलं नाही. बोला."

ती गप्प राहिली. त्याने थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजायला लागली.

"मी काही बघितलं नाही," ती म्हणाली.

"आवाज येत नाही. परत."

"मी काही बघितलं नाही."

"नीट तोंड करून. परत." प्रत्येक 'परत'ला एक थप्पड. ओठ फुटला. दाताने जिभेला चावा बसला. ती म्हणत राहिली. मी काही बघितलं नाही. मी काही बघितलं नाही. हळूहळू त्या शब्दांतला अर्थ गळून पडला आणि नुसते आवाज उरले, तोंडात खडे घोळवावेत तसे. मग त्या आवाजांखालून तिला दुसरंच दिसायला लागलं. हेल्मेट गडगडत गेलं ते. सीटमधून पिवळा स्पंज बाहेर आला तो. ती 'नाही' म्हणत होती आणि दर 'नाही'ला एकेक गोष्ट वर येत होती, विहिरीत गळ टाकून भांडी काढावीत तशी.

त्यांचा व्हिडिओ मनासारखा झाला असावा. जाताना एकाने तिच्या पोटात गुडघा मारला, सहज, दार ढकलावं तसा.

भिंतीला धरून ती तशीच बसून राहिली. कारखान्याची पाळी सुटली, सायकली, स्कूटर गेल्या, एका बाईने पाणी दिलं. घरी पोचल्यावर तोंड धुवायच्या आधी तिने लिहायला घेतलं. एका बैठकीत लिहून झालं. पहिली ओळ आली ती परत परत येत राहिली:

कोयता वर गेला, भाऊ आधी हसला.
कोयता वर गेला, हेल्मेट उतारावर गडगडलं.
कोयता वर गेला, सीटमधून पिवळा स्पंज आला.
कोयता वर गेला, मध्ये माझा हात होता.
कोयता वर गेला, डांबरातून ठिणगी उडाली.
कोयता वर गेला, आई, तू भाकरी थापत होतीस.
कोयता वर गेला.
कोयता वर गेला.

दुसऱ्या दिवशी तिने मारहाणीची तक्रार दिली. तिघांपैकी दोघं सापडले. त्यांच्या मोबाईलमधला व्हिडिओ रणजितच्या कामी यायच्या ऐवजी त्यांच्याच अंगाशी आला, कारण त्यात थपडांचे आवाज स्पष्ट होते.

कविता तिने वर्षभर कोणाला दाखवली नाही. मग कसबा पेठेतल्या एका छोट्या काव्यवाचनात वाचली. माणसं थोडीच होती, पण त्यांतल्या एका संपादकाने ती मागून घेतली आणि दिवाळी अंकात छापली. लोकांचे फोन आले. काही जण म्हणाले, शेवटच्या दोन ओळी रिकाम्या ठेवल्यात ती कमाल आहे. राजनंदिनी "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. रणजितचा वकील होता अनंत वर्तक. कसबा पेठेतला, साठीचा, काटकुळा, काळ्या कोटाच्या बाह्या विटलेल्या. तो कधी आवाज चढवत नसे आणि साक्षीदाराला 'आपण' म्हणत असे. सरकारी वकील नंदा ओव्हाळ यांनी राजनंदिनीला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तो आवाज चढवणारच नाही. तो सुई घालेल. विचारलं तेवढंच बोला."

सरतपासात, ओव्हाळांच्या प्रश्नांना उत्तरं देत, राजनंदिनीने सगळं सांगितलं. मग वर्तक उठला.

"आपण कवयित्री आहात."

"कॉलेजात शिकवते. कविताही लिहिते."

"वा. मग आपण नम्रही आहात." त्याने कागद चाळले. "पोलिसांपुढचा आपला जबाब, मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढचा जबाब आणि आज इथे जे बोललात ते. मी तिन्ही ताडून पाहिलं. शब्द न् शब्द तोच. माणसाला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी दोनदा सारखं सांगता येत नाही. आपण हे पाठ केलंत?"

"हो," राजनंदिनी म्हणाली.

नंदा ओव्हाळांनी डोळे मिटून घेतले. वर्तकलाही हे उत्तर अपेक्षित नसावं. त्याने चष्मा काढला.

"पाठ केलंत, असं आपण म्हणता?"

"रोज म्हणत होते. विसरावं म्हणून मला मारलं होतं. आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर आपण नेमका तोच धरणार, हेही माहीत होतं."

मागे कोणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी मान वर केली नाही, लिहीत राहिले.

वर्तकने दिवाळी अंक काढला. पान दुमडलेलं होतं. नंदा ओव्हाळांनी हरकत घेतली, की कविता हा काही पुरावा नव्हे. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार बाईंनी लिहिलेलं आहे, विचारू द्या. वर्तकने कविता वाचली. सपाट आवाजात, लाइट बिल वाचावं तशी. कोयता वर गेला. कोयता वर गेला. आरोपीच्या पिंजऱ्यात रणजित खाली मान घालून उभा होता. तीन वर्षांत त्याचे केस विरळ झाले होते. मागच्या बाकावर मथुराबाई होती, भुवईवर पांढरा वण. वाचन चालू असताना तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"कोयता या कवितेत आठ वेळा वर जातो," वर्तक म्हणाला. "पोस्टमॉर्टेममध्ये जखमा तीन. आपण वर्गात ही पुनरावृत्ती शिकवता ना? परिणाम वाढवायला वापरतात, बरोबर? एकदा घडलेलं अनेकदा सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मग माझ्या अशिलाच्या बाबतीत आपण कोर्टालाही कविताच ऐकवली, असं मी म्हटलं तर?"

"तसं नाही."

"मग कसं? वार तीन आणि ओळी आठ. बाकीचे पाच कुठे गेले?"

त्याने तो प्रश्न टाळ्या घेण्यासाठी विचारला होता. उत्तर यावं म्हणून नव्हे. पण यात उत्तराला जागा होती, आणि राजनंदिनी बोलायला लागली.

"पहिल्यांदा त्याने नुसता उगारला. म्हणून ऋषी हसला. दुसरा हेल्मेटवर बसला. तिसरा स्कूटरच्या सीटवर, तो रुतला तेव्हा त्याने पाय लावून काढला. चौथा हा." तिने बाही वर केली आणि हात न्यायाधीशांकडे केला. दोन बोटं तशीच ताठ राहिली. "पाचवा रस्त्यावर बसला. सातवा मानेवर. आठवा डोक्यावर."

"सहावा राहिला."

राजनंदिनीने बाही खाली ओढली.

"सहावा झाला नाही. ती ओळ खोटी आहे."

"खोटी?"

"आई भाकरी थापत नव्हती. ती दवाखान्यात होती, आम्ही तिलाच आणायला चाललो होतो. लिहिताना तिची आठवण आली म्हणून ती ओळ आली. तिथे वार नव्हता."

"म्हणजे आपली कविता खोटी."

"एका ओळीपुरती."

"आणि तिसरी जखम? अंगावरचे वार आपण दोनच सांगता. तिसरा कोणी केला, मी?"

"तो मी पाहिला नाही. मी तोवर पडले होते. जे पाहिलं नाही ते जबाबात नाही आणि कवितेतही नाही."

वर्तकने अंक मिटला. थोडा वेळ त्याने कागद उगाचच सारखे केले. मग त्याने दुसरी सुई काढली. "तिसऱ्या दिवशी आपण आरोपीच्या आईला पितळी तांब्याने मारलंत. खरं?"

"खरं."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. काकी मागे बसल्या आहेत, त्यांना माहीत असेल."

"म्हणजे आपल्या मनात या कुटुंबाबद्दल पराकोटीचा द्वेष आहे."

"तेव्हा होता. हातात कोयता असता तर त्यानेच मारलं असतं." ती रणजितकडे बघत नव्हती, कठड्याकडे बघत होती. "म्हणून तर मला कळलं, तो कसा मारत होता ते."

"हे उत्तर नाही."

"आपण विचारलंत म्हणून सांगितलं."

वर्तक खाली बसला. नंदा ओव्हाळ उठल्या. त्यांनी फाइलमधले स्कूटरचे फोटो काढले. ते पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होते आणि कोणी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण माणूस मेला असताना सीटकडे कोण बघतं? सीट उभी चिरलेली होती. स्पंज पिवळाच होता. हेल्मेटच्या फोटोत डाव्या बाजूला लांब ओरखडा होता. न्यायाधीशांनी फोटो हातात घेतले, दिवाळी अंक मागून घेतला आणि ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

रुमालवाल्याचं राजनंदिनीने सरळ सांगितलं, की त्याचा चेहरा तिने पाहिला नाही. नंदा ओव्हाळ बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तो सुटणार." तो सुटलाच.

निकालाच्या दिवशी शिवाजीनगरच्या कोर्टात दोन्ही बाजूंची माणसं जमली होती. आवारात बंदोबस्त होता. रणजितला जन्मठेप झाली. शिक्षा ऐकताना त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं नाही, वळून राजनंदिनीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते तिला कळलं नाही, आणि पोलिसांनी त्याला नेलं. दत्तोबा खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले. न्याय मिळाला म्हणून रडत होते की कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. धोंडिबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. तुळजाबाई आल्याच नव्हत्या.

राजनंदिनी जिन्याने खाली आली. व्हरांड्याच्या टोकाला गर्दी होती आणि गर्दीतून धप् धप् असा आवाज येत होता. ती माणसं बाजूला सारून पुढे गेली. मथुराबाई दगडी खांबासमोर गुडघे टेकून बसली होती आणि त्या दगडावर कपाळ आपटत होती.

"म्या जन्म दिला रं, म्याच का न्हाई मेले. म्या दूध पाजलं रं, म्याच का न्हाई मेले."

जुना वण फाटला होता. रक्त नाकावरून ओघळून हनुवटीवरून ठिबकत होतं. लोक गोल करून उभे होते. एक जण मोबाईल वर धरून होता. कोणी हात लावत नव्हतं. खुन्याची आई, कोण हात लावणार?

राजनंदिनी तिच्या शेजारी बसली आणि तिने आपला उजवा हात, तोच, दगड आणि कपाळ यांच्या मध्ये घातला.

पुढचा आघात तिच्या हातावर बसला. बोटांची हाडं दगडावर घासली गेली. मथुराबाईला कळलंच नसावं, ती आपटत राहिली. म्याच का न्हाई मेले. म्याच का न्हाई मेले. राजनंदिनीने हात काढला नाही. सोलल्या गेलेल्या सांध्यांतून कळ खांद्यापर्यंत जात होती. काही वेळाने आपटणं हळू झालं, मग कपाळ तिच्या तळहातावर नुसतंच टेकून राहिलं, जड, गरम, ओलं.

"कोण हाय?" मथुराबाईने डोळे न उघडता विचारलं.

"मी. राजू."

ती मागे सरकेल असं राजनंदिनीला वाटलं. पण ती तशीच राहिली.

"त्या दिवशी," ती कपाळ न उचलता पुटपुटली, "तू इचारत व्हतीस, का आली. म्या सांगाया बगत व्हते."

"माहितीये, काकी. मी बोलू दिलं नाही."

"म्या त्याला पोटाशी धरून झोपवलाय गं. तुजी आई शेतात असायची तवा. म्हून आले."

एक महिला पोलीस आली, तिने मथुराबाईला काखेत धरून उठवलं आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलवायला सांगितलं. रिक्षा आली. मथुराबाईच्या बरोबर जायला माहेरचं कोणी नव्हतं, भावकीतलं कोणी पुढे होत नव्हतं. पोलीसबाईने गर्दीकडे बघून विचारलं, "यांचं कोण आहे?"

दत्तोबा लांबून बघत होते. राजनंदिनीने ओढणीचा पदर फाडून हाताला गुंडाळला, पुढे झाली आणि रिक्षात बसली. मथुराबाई बाहेर तोंड करून बसली होती. संचेतीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खड्ड्यात रिक्षा आदळली की मथुराबाईचं डोकं बाजूच्या लोखंडी दांड्यावर आपटायचं, म्हणून राजनंदिनीने दुसऱ्या हाताने ते आपल्या खांद्याकडे ओढून घेतलं.